आई ‘उगाच’ रडली नाही

पत्र: मी 26 वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते. ‘व्हील ऑफ टाइम’ या इंग्रजी जादुई कादंबरीमालेची चौदाही पुस्तकं दादाने आणि मी मिळून वाचली. मग तिच्यावर टीव्ही मालिका आली आणि सगळं बिघडलं. त्यातल्या पेरिन या तरुण लोहाराला नसलेली बायको दिली आणि पहिल्याच भागात त्याच्याच कुऱ्हाडीने मारली! दादा म्हणतो, बघायला काय जातं. प्रत्येक भागानंतर मी त्याला चुकांची यादी पाठवायची, आता तो उत्तरच देत नाही. शेवटच्या भागानंतर त्याच रात्री 19 मुद्दे पाठवले, तरी गप्प. आईने सगळे भाग माझ्यासोबत हिंदीत पाहिले. तिला पुस्तकांचं काही माहीत नाही, शेवटी तर उगाच रडत बसली. आमच्या पुस्तकांची वाट लावली, हे दादाला कसं पटवू?

उत्तर: पोरी, दादाचं राहू दे. तुझ्या पत्रातल्या ‘उगाच’पाशी मी थांबले.

स्वान ही टॉवरची, म्हणजे जादू येणाऱ्या बायकांच्या संस्थेची प्रमुख. शेवटच्या भागात तिची प्रतिस्पर्धी एलायडा तिचं डोकं उडवायला लावते. आईने ही स्वान लहानपणापासून पाहिली आहे. पहिल्या सीझनच्या सहाव्या भागात ती बापासोबत मासे धरत होती. मग घर जळालं आणि बापाने पोरीला एकटीला नावेतून टॉवरकडे धाडलं. त्या कोळ्याच्या पोरीचा असा शेवट बघून आईला रडू आलं. तिला सगळं कळलं म्हणूनच रडू आलं.

आणि तुला त्या क्षणी ठाऊक होतं, की पुस्तकात स्वान तिथे मरत नाही. तुझ्या 19 मुद्द्यांत हा मुद्दा असणारच. तो तू दूर बसलेल्या भावाला पाठवलास, आणि जी शेजारी डोळे पुसत होती तिला एका शब्दाने सांगितलं नाहीस. याचा मला राग आला.

मे 2025 मध्ये मालिका बंद झाली. गोष्ट जेमतेम चौथ्या पुस्तकापर्यंत आली होती. दहा पुस्तकं शिल्लक आहेत आणि आई मधेच अडकली आहे. तिला पुढचं सांगू शकेल असं त्या घरात तुझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून आज रात्रीच बस आणि सांग.

जेवणं आटोपल्यावर गच्चीवर जा. कुलरसमोर नको. त्याच्या घरघरीत आवाज चढवावा लागतो, आणि आवाज चढला की तुझा सूर भांडणाचा होईल. वीस मिनिटं पुरेत. पहिलं वाक्य असं: “आई, स्वान जिवंत आहे.” मग चौथ्या पुस्तकाचा शेवट. तिला पदावरून ओढतात, तिची जादूची शक्ती तोडतात आणि कोठडीत टाकतात. मिन नावाची मुलगी तिला आणि तिची सहायक लिआनला बाहेर काढते. टॉवरचा कैदी लोगेनही सोबत निघतो. “मग टीव्हीत का मारली?” असं आई विचारेल. ती टीव्हीची गोष्ट, ही पुस्तकातली, एवढंच सांग आणि पुढे चल. तिथे फरकांची यादी काढलीस की आई झोपायला उठून जाईल.

दुसऱ्या रात्री पाचव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण. शेतकऱ्याचा गोठा जळतो, या बायका पकडल्या जातात, आणि नुकसानभरपाई म्हणून गॅरेथ ब्राइनकडे चाकरी करण्याची शपथ घेऊन पळून जातात. तो निवृत्त सेनापती त्यांचा माग काढत येतो. कालपर्यंत राण्या जिच्यापुढे वाकायच्या, ती स्वान पुढे त्याचे सदरे धुते. हे नीट, सावकाश सांग. घासताना ती कशी चरफडते ते तुमच्या घरच्या वऱ्हाडीत सांग, पुस्तकातल्या इंग्रजीत नको. दिवसा प्रकरण पुन्हा वाचून ठेव आणि रात्री पुस्तक खालीच राहू दे. हातात पुस्तक असलं की डोळे ओळीवर जातात आणि सांगणं भाषांतरासारखं कोरडं होतं. सहाव्या पुस्तकात उपचार जाणणारी नाय्नीव स्वानची शक्ती परत आणते, पहिल्याइतकी नव्हे, पण आणते. तिथवर आठवडाभरात पोचशील.

पुढे कुठे अडशील तेही सांगते. पाचव्या पुस्तकात पेरिन नाही, आठव्यात त्याचा मित्र मॅट नाही. आईने विचारलं तर “तो दुसऱ्या गावाला आहे, येईल” म्हण. दहावं पुस्तक रेंगाळतं, बराच भाग नवव्याच्या शेवटी जे घडतं त्याच वेळचा आहे. ते दोन रात्रींत उरक, पण पेरिनची कुऱ्हाड सोडू नकोस. तो कैद्याचा हात तोडतो, स्वतःलाच घाबरतो आणि ती कुऱ्हाड झाडात रुतवून निघून जातो.

तुझी तक्रार खरी आहे, पुस्तकात सुरुवातीला पेरिन अविवाहित असतो. पण आईच्या डोळ्यांपुढे त्याच कुऱ्हाडीने पडलेली बायको आहे. ती कुऱ्हाड झाडात रुतते तेव्हा आईला जे वाटेल, ते तुला-दादाला वाचताना वाटलेलं नाही. म्हणून “ती बायको नव्हतीच” असं म्हणून तिला पुसून टाकू नकोस. मॅटचं काम करणारा नट पहिल्या सीझनच्या मधेच गेला, मार्च 2020 मध्ये महासाथीने शूटिंग थांबलं, आणि एका सीझनला आठच भाग. त्या मंडळींनाही मोडतोड करावी लागली. हे एकदा मनाशी धर आणि सोड.

चौदाव्या पुस्तकात स्वान खरंच जाते, तुला माहीत आहे. ते आधी सांगू नकोस. त्या रात्री आई पुन्हा रडेल. तेव्हा फोन खाली ठेवून तिच्याजवळ बस.

दादाला यादी पाठवणं आजपासून बंद. त्याचा फोन आला की आधी आईला दे. स्वान वाचली, हे त्याला तीच सांगेल.