मारुतीची ग्रँड विटारा की टोयोटाची हायरायडर?

भाऊ, यात जास्त डोकं तापवू नको. २०२२ मध्ये दोन्ही गाड्या बंगळुरूजवळच्या बिडदीच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडल्या. स्ट्राँग हायब्रिडचं (म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणाऱ्या मॉडेलचं) दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिनही तेच. घराजवळ ज्या कंपनीचं वर्कशॉप बरं, ती घे. रंगरूप बायकोला ठरवू दे!

डिकी मात्र स्वतः उघडून बघ. हायब्रिडची बॅटरी मागे असल्यानं तळ उंच आहे. दिवाळीत आमची मोठी सुटकेस आडवी कशीबशी बसली, संत्र्यांची पेटी मागच्या सीटवर आईच्या मांडीशी.

मे महिन्यात नागपुरात बर्डीच्या सिग्नलवर इंजिन गप्प आणि एसी गार, पैसे तिथे वसूल होतात. समृद्धीवर सलग १२० नं पळवलीस तर हायब्रिडचा फायदा बराच घटतो. रोजचं तेच असेल तर साधं पेट्रोल बघ.