पुस्तक वाचून मुलगा ‘तसा’ होतो का?

“मॅडम, ते पुस्तक आम्हीच घरात आणलं हो.”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बाई बोलून गेल्या. पर्समधून खाकी कव्हर घातलेलं, वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. ठेवलं तेही पालथं. बाई प्राथमिक शिक्षिका, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातल्या. मुलगा एकोणीस वर्षांचा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. दोघांच्याही परवानगीने मी हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

झालं होतं ते असं. गावातल्या दहा-बारा जणी मिळून एक वाचन-भिशी चालवतात. महिन्याला एक पुस्तक, आळीपाळीने एकेकीच्या घरी गप्पा. त्या महिन्यात सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ निघाली. कादंबरी 2006 सालची, पण 2022 मध्ये तिच्यावर सिनेमा आला आणि नाव सगळ्यांच्या कानावर पडलं. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात एक तरुण भाडेकरू येतो आणि घरातले भाऊ-बहीण, तनय आणि अनुजा, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. पहिला भाग तनय सांगतो, दुसरा अनुजा.

गप्पा बाईंच्या घरी होत्या. एक जण म्हणाली, भाषा सुंदर आहे. दुसरी म्हणाली, मला किळस आली, अर्ध्यातच मिटलं. तिसरी म्हणाली, असलं पोर पोटी आलं तर आईनं काय करावं? त्यावर बाई हसून म्हणाल्या, “आपल्या घरांत असली थेरं नाहीत म्हणून बरं.” मुलगा तेव्हा पोह्यांच्या बशा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बशा ठेवून तो आत गेला. रात्री जेवला नाही. चार दिवसांनी गादी झटकताना पुस्तक त्याच्या उशीखाली सापडलं. तनयच्या भागात ठिकठिकाणी पेन्सिलीच्या रेघा.

“वाचूनच त्याच्या डोक्यात शिरलं असणार, नाही का? आधी तर काहीच नव्हतं.”

हा प्रश्न मला वर्षातून बऱ्याचदा ऐकू येतो. कधी पुस्तकाऐवजी वेबसिरीज असते, कधी मोबाइल, कधी पुण्याचं होस्टेल. उत्तर एकच आहे आणि ते मी घुमवून-फिरवून देत नाही. कुणावर प्रेम वाटावं हे पुस्तक ठरवत नाही. तसं असतं तर जन्मभर स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथा वाचून, सिनेमे पाहून मोठी झालेली ही सगळी मुलं त्या कथांमधल्यासारखीच झाली असती. पुस्तक देतं ते शब्द. जे आतल्या आत, नाव नसलेलं, घशात अडकून असतं, त्याला शब्द मिळतात.

पण त्याच दमात दुसरी गोष्टही मी बाईंना सांगितली. पेन्सिलीच्या रेघांवरून कुणी समलिंगी ठरत नाही. मुलगा सांगेल तेव्हाच ते खरं, तोवर आपण ठरवायचं नाही. त्याला समोर बसवून उलटतपासणी घ्यायची नाही, मोबाइल चाळायचा नाही, मावशी-काकांना फोन करायचे नाहीत. आणि आधी मी विचारलं ते झोपेचं, जेवणाचं. एकटा कोंडून घेतो का, जगण्याला कंटाळल्यासारखं काही बोलला का? तसं काही नव्हतं. तरी 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर मी कागदावर लिहून दिला. तो सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

बाईंच्या दिरांनी तोवर तोडगा काढून ठेवला होता. शहरातले एक डॉक्टर म्हणे गोळ्या आणि ‘सिटिंग’ देऊन मुलं ‘सरळ’ करतात. इथे माझा आवाज चढला, हे कबूल करते. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे ‘बदलण्याचे’ उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन असं स्पष्ट केलं. जो आजारच नाही त्याची गोळी कुठून येणार? अशा ‘उपचारां’तून खचून बाहेर आलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, “घरच्यांना सांगणार नाही ना?”

“मग लग्न करून दिलं तर?” बाईंनी हळूच विचारलं.

“ताई, तुम्हाला मुलगी असती तर तिला अशा मुलाला दिली असती?”

त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या भेटीत मात्र तो विषय पुन्हा निघाला नाही.

माझ्या दृष्टीने या घरात खरी जखम पुस्तकाची नव्हतीच. ती होती पोह्यांच्या वेळच्या त्या एका वाक्याची. आपण कादंबरीतल्या पात्राबद्दल बोलतो, सिनेमातल्या कुणाला नावं ठेवतो, बातमी ऐकून नाक मुरडतो, आणि आपल्याला वाटतं ते लांबचं कुणाबद्दल तरी आहे. दारात उभं असलेलं मूल ते स्वतःबद्दल ऐकतं. आईला कळलं तर ती काय म्हणेल, हे त्याला आईला न विचारताच कळलेलं असतं. म्हणून मी बाईंना एकच काम दिलं. अर्धवट वाचलेलं पुस्तक पूर्ण वाचा, आणि या वेळी भिशीसाठी वाचू नका.

एक सांगायला हवं. पूर्वी मी पहिल्याच भेटीत पालकांच्या हातात असं पुस्तक द्यायची. एका वडिलांनी ते मुलासमोर फाडलं. तेव्हापासून मी थांबते. माणूस आधी माझ्यासमोर रडून, चिडून मोकळा होऊ दे, मग वाचन. बाईंनाही वाचायला सांगितलं ते तिसऱ्या भेटीत. पुस्तक द्यावं लागलं नाही, ते मुळात त्यांच्याच पर्समध्ये होतं.

पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा पुस्तक टेबलावर सरळ ठेवलं. म्हणाल्या, “मॅडम, ती पोरगी पळून जाते, परत येते, सगळं घर तिच्यासाठी हवालदिल होतं. पण त्या पोराचंही काहीतरी तुटलंय हे कुणाच्या गावीच नाही. आई तिथंच आहे घरात, आणि तिला काही कळत नाही.” मग बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. “मी पण घरातच होते.”

त्या रात्री त्यांनी मुलाला काही विचारलं नाही. फक्त सांगितलं, “त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचं होतं. पुस्तक पूर्ण न वाचताच बोलले.” त्यावर मुलगा ‘बरं’ म्हणाला आणि झोपायला गेला. मला विचाराल तर त्या घरातलं सगळ्यात मोठं काम त्या ‘बरं’मध्ये झालं. आठवड्याने तो स्वतःहून म्हणाला, मला पण मॅडमकडे यायचंय.

तो आला, आधी एकटा. काय बोलला ते त्याचं. नंतरच्या भेटीत मात्र त्यानेच आईला आत बोलावलं, सांगायचं ते सांगितलं आणि पुस्तक उघडून शेवटचं पान दाखवलं. वाचनालयाची तारखांची चिठ्ठी तिथे चिकटवलेली होती. तारखांपुढे सभासद क्रमांक. भिशीच्या अडीच वर्षं आधीच्या दोन शिक्क्यांपुढे त्याचाच क्रमांक होता.

“अकरावीत असताना दोनदा नेलं होतं. त्याच्याही आधी, आठवीपासूनच मला माहीत होतं, आई. माहीत होतं म्हणून पुस्तक शोधलं.”

बाई चिठ्ठीवर बोट ठेवून तारखा वाचत राहिल्या. शिक्षिकेची सवय, बेरीज-वजाबाकी मनात चालू असणार. मग म्हणाल्या, “आणि या रेघा? वाचनालयाच्या पुस्तकात रेघा मारतात का?”

“थोड्या माझ्या आहेत. बाकीच्या आधीपासूनच होत्या. पहिल्यांदा नेलं तेव्हा त्याच बघून मला कळलं, गावात आणखी कुणीतरी आहे.”

वडिलांना अजून सांगितलेलं नाही. कधी सांगायचं ते मुलगा ठरवेल. पुढची वाट सोपी आहे असं खोटं मी त्या दोघांना सांगितलं नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा 377 कलमातला गुन्ह्याचा डाग पुसला, पण 2023 मध्ये अशा जोडप्यांच्या लग्नाला मान्यता मिळाली नाही, हेही बोललो. मुंबईत अशा मुलामुलींच्या आई-वडिलांचा ‘स्वीकार’ नावाचा गट आहे. बाईंना तिथल्या एखाद्या आईशी बोलायचं आहे, मात्र एवढ्यात नको म्हणाल्या.

निघताना त्यांनी पर्समधून खोडरबर काढून मला दाखवलं. पुस्तक परत करण्याआधी सगळ्या रेघा खोडायच्या, ग्रंथपालांना दिसायला नकोत, म्हणून पहिल्या दिवसापासून ते बरोबर घेऊन फिरत होत्या. ते पुन्हा आत टाकलं. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“मॅडम, याच्या आधी ज्यानं रेघा मारल्या, ते पोरही आमच्याच गावातलं असणार. त्याच्या आईला माहीत असेल का हो?”