गोळ्या चालू असलेल्या मुलाचं नाव सात-बाऱ्यावर लावायचं का?

"पोराला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. वडील वारले. शेतीला त्याचं नाव लागेल का? आणि लावावं का?" जळगाव-धुळ्याकडची माणसं माझ्याकडे येऊन आजाराबद्दल विचारतात आणि उठता उठता हे विचारतात. अमळनेरकडच्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आई, थोरला आणि धाकटा असे तिघं आले होते. धाकट्याला स्किझोफ्रेनिया. गोळ्या नियमित, झोप बरी. कापूस वेचायला जातो, फवारणीला मात्र त्याला कोणी पाठवत नाही. बोलत होता सगळं थोरलाच. "मॅडम, भाऊबंद म्हणतात, येड्याला हिस्सा नसतो. मला त्याचा हिस्सा खायचा नाही. पण नाव लागलं आणि उद्या कोणी चहा पाजून ह्याचा अंगठा घेतला तर?"

आई मध्येच म्हणाली, "मना पोऱ्या येडा नही शे."

हे सगळं धाकट्याच्या देखत चाललेलं. तो पाण्याच्या बाटलीचं झाकण काढत होता, लावत होता. मी त्यालाच विचारलं, "भाऊ, तुमचं काय म्हणणं?" थोरल्याने तोंड उघडलं, त्याला हातानेच थांबवलं. बराच वेळ गेला. मग धाकटा म्हणाला, "विहीर कोणाकडे राहील? पाण्याची पाळी कशी लावणार?"

वाटणीत भांडणं होतात ती इथेच, आणि तिघांत हा मुद्दा काढला फक्त त्याने! थोरला त्याच्याकडे बघतच राहिला.

भाऊबंदांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. जुन्या हिंदू कायद्यात अशी आडकाठी होती. पण १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २८ स्पष्ट आहे: कोणत्याही रोगामुळे किंवा व्यंगामुळे वारसा हक्क जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर मानसिक आजार दिव्यांगत्वाच्या यादीतच घेतला आहे, आणि मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने मिळवण्याचा हक्क इतरांइतकाच दिला आहे. तेव्हा तलाठ्याकडच्या वारस नोंदीच्या अर्जात आई, दोन्ही मुलगे आणि मुलगी अशी चारही नावं हवीत. (मुलीचं नाव थोरल्याच्या बोलण्यात आलंच नव्हतं. तिच्याकडून हक्कसोड घ्यायचं घरात आधीच ठरलेलं. आजारी भावाचा हिस्सा निदान चर्चेला तरी आला, तिचा तेवढाही नाही.)

अंगठ्याची भीती मला खोटी वाटली नाही. अशी फसवणूक होते. पण त्यावर नाव गाळणं हा उपाय नव्हे. व्यवहार करताना माणसाला तो समजत नसेल, त्यातलं आपलं बरंवाईट ठरवता येत नसेल, तर करार कायद्याने तो करार टिकत नाही. उलट आजारी माणूस बरा असताना, समजून-उमजून केलेला करार चालतो. आधार देऊनही एखाद्याला निर्णय घेता येत नसतील, तर २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे. त्यातही पालकाने त्याच्याशी बोलूनच ठरवायचं असतं. पाण्याच्या पाळीची काळजी करणाऱ्याला तेवढ्याचीही गरज नव्हती. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, तिथे जाऊन या म्हटलं.

आईची धास्ती वेगळीच होती. कोणीतरी सांगितलेलं, नाव लावायला आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढावं लागतं, आणि ते काढलं की पोरगा कायमचा येडा ठरतो. वारस नोंदीला ते प्रमाणपत्र लागत नाही. ते लागतं नोकरीतल्या आरक्षणासाठी, निराधार अनुदानासारख्या योजनांसाठी. या लाभांसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व असावं लागतं. घ्यायचं की नाही हे त्याने ठरवावं. आणि त्याच्या आजाराची माहिती उपचार करणाऱ्यांनी गुप्त ठेवायची असते, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो त्याचा हक्क आहे.

निघायच्या आधी आई थोरल्याला म्हणाली, "कानबाईच्या रोटांना दरसाल त्याच्या नावाची मूठ घेतो ना आपण?" आमच्याकडे श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठी मोजतात. धाकटा दवाखान्यात होता त्या वर्षीही तिने त्याची मूठ चुकवली नव्हती. थोरला काही बोलला नाही.

पुढे फेरफार, म्हणजे सात-बाऱ्यावरच्या नावांचा बदल, मंजूर झाला. चारही नावं लागली. बहिणीचं हक्कसोड सध्या लांबणीवर पडलंय. विहिरीच्या पाळीचा कागद धाकट्याने स्वतः लिहिला. थोरल्याने त्यात दोन वार बदलून घेतले, म्हणजे रीतसर भांडण झालं.

पण थोरल्याच्या मुलीच्या साखरपुड्याला धाकट्याला शेतावरच ठेवलं. "पाहुण्यांसमोर कशाला," एवढंच कारण. सात-बाऱ्याला कायदा कामी आला, साखरपुड्याच्या पंगतीत माणूस बसवायला तो येत नाही. लग्न वैशाखात आहे. त्याआधी थोरल्याला एकट्याला बोलावलंय, आणि धाकट्याला विचारून ठेवलंय की त्याला लग्नात कुठलं काम हवं. पाणी आणि आचाऱ्यांचं बघतो म्हणाला.