पाठ्यपुस्तकात नसलेला इतिहास मुलांना बातमीदारीतून कसा शिकवावा? त्याने जातीची जाणीव वाढेल का?

आधी बातमी लिहायला शिकवू नका, खातरजमा करायला शिकवा. बाकीचं मुलं करतात. मी लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे. हेच वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकलंय, आणि तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

नववीचं भित्तीपत्रक माझ्याकडे होतं. काम दिलं होतं, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची मुलाखत. एका मुलाने लिहून आणलं : ‘आजी म्हणते, आमचं स्वातंत्र्य पाच वर्षं उशिरा आलं.’ वर्ग हसला. आजीचा घोळ झाला असणार असं धरून मीही ‘पाच वर्षं’खाली लाल रेघ ओढली. मुलगा हटेना. “सर, आजी चुकत नाही.” म्हटलं, मग शोधून आण.

दोन आठवडे गेले. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जमातीत जन्मलात की पोलिसांच्या वहीत नाव, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. १५ ऑगस्ट १९४७ पासून मोजा, पाच वर्षं सोळा दिवस. आजी बरोबर होती. माझ्याकडे इतिहासाची पदवी होती आणि ही तारीख मला ठाऊक नव्हती, याची मला आजही लाज वाटते.

लेख लागला. मथळा त्याचाच : ‘आमचा स्वातंत्र्यदिन ३१ ऑगस्ट’. तिसऱ्या दिवशी सकाळी फलकावर चार टाचण्या, आणि एकीखाली कागदाचा फाटका कोपरा. मुख्याध्यापक म्हणाले, ऐकीव गोष्टी भिंतीवर नकोत, आणि मुलांच्या डोक्यात जात कशाला भरवता?

ऐकीव? तारीख कायद्याची होती. आणि जात मी कुठे भरवली? गावात चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या वस्तीत शिरतात, हे त्या पोराला मी भेटायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. जात विसरलो असं म्हणणं ज्याला परवडतं, तोच ते म्हणतो.

शाळकरी मुलांनी असलं लिहू नये म्हणणाऱ्यांना मुक्ता साळवे सांगा. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, जेमतेम चौदा वर्षांची. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला. बाबासाहेबांना १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढावा लागला, कारण बहिष्कृतांचं म्हणणं बाकीच्या पत्रांत येतच नव्हतं. हे दोन्ही पहिल्याच तासाला सांगा.

एक मात्र सांभाळा. मी घरी न विचारता त्या मुलाचं नाव लेखाखाली लावलं, आणि मधल्या सुट्टीत दोघांनी त्याला ‘चोर’ म्हटलं. ती चूक माझी. नाव लावायचं की नाही हे मूल आणि घरचे ठरवतील. आणि छापण्याआधी लेख ज्याचा आहे त्याला वाचून दाखवा.

त्या मुलाच्या आजीने तो लेख नंतर ऐकला. मुलाने लिहिलं होतं, ‘पणजोबा हजेरीला रांगेत उभे राहायचे.’ पुढच्या सोमवारी तो वहीच्या पानावर दुरुस्ती घेऊन आला. लावायला फलक उरला नव्हता. ते पान अजून माझ्याकडे आहे : ‘उभे नाही. उकिडवे बसवायचे.’