पुढची गाडी डिझेल की पेट्रोल?

प्रश्न : आमच्याकडे २०१३ मध्ये घेतलेली डिझेल गाडी आहे. इतक्या वर्षांत तिने वाटेत एकदाही दगा दिला नाही, म्हणून ती बदलताना पुन्हा डिझेलच घ्यावी असे मला वाटते. मुलगा मात्र पेट्रोलवर अडून बसला आहे. मी कराडजवळच्या एका शाळेत शिकवते, जाऊन-येऊन रोजचे चौदा किलोमीटर होतात. वर्षातून पाच-सहा वेळा कुंभार्ली घाटाने सासरी गुहागरला जाणे होते आणि तेव्हा गाडीत पाच माणसे, शिवाय परतताना नारळ-फणसांचे ओझे असते. वर्षाचे रनिंग आठ हजार किलोमीटरच्या आसपास आहे. शोरूममध्ये सांगतात की, घाट असेल तर डिझेलच घ्या. आपला सल्ला काय?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : आपला २०१३ चा निर्णय त्या वेळी बरोबरच होता, पण ज्या हिशेबावर तो उभा होता तो हिशेब आता राहिलेला नाही. २०१२ च्या सुमारास डिझेलचे दर सरकार ठरवत असे आणि पेट्रोल-डिझेलमधला फरक लिटरमागे तीस रुपयांच्या घरात गेला होता. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा थोडेथोडे वाढवण्यास सुरुवात झाली, ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचे दर पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाले आणि तो फरक आटत गेला. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये लिटर असे धरले, तर फरक तेरा रुपयांचाच उरतो.

आता आपल्या गाडीचे गणित मांडू. चार मीटरच्या आतल्या, जरा उंच बांध्याच्या गाडीचे पेट्रोलवर लिटरला १६ आणि डिझेलवर २० किलोमीटर ॲव्हरेज पडते असे समजा. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे साडेसहा रुपये आणि डिझेलचे सुमारे ४ रुपये ५५ पैसे. आठ हजार किलोमीटरला वर्षाची बचत साधारण १५,६०० रुपये झाली. ही बचत मिळवण्यासाठी आधी मोजावे लागणारे पैसे मात्र कोणी नीट सांगत नाही. समजा, पेट्रोल गाडीची शोरूममधली किंमत साडेनऊ लाख आणि त्याच गाडीच्या डिझेल प्रकाराची पावणेअकरा लाख आहे. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के मोटार वाहन कर बसतो. दहा लाखांच्या वरच्या डिझेल गाडीवर तोच १४ टक्के होतो. म्हणजे एका बाजूला १,०४,५०० आणि दुसऱ्या बाजूला १,५०,५०० रुपये. नुसत्या करात ४६ हजारांचा फरक! मूळ किमतीतला सव्वा लाख आणि विम्याचा थोडा जादा हप्ता त्यात मिळवला, तर डिझेलसाठी आपण पावणेदोन लाख रुपये जास्त मोजता आणि ते वसूल व्हायला अकरा वर्षे लागतात.

तरीही मी डिझेल नको म्हणतो ते पैशांमुळे नव्हे. आपल्या रोजच्या सात-सात किलोमीटरच्या दोन फेऱ्यांमुळे. आपल्या जुन्या गाडीला सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर नव्हता. १ एप्रिल २०२० पासून गाडीच्या धुरावर मर्यादा घालणारे बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल मोटारींना तो आला. इंजिनातून निघणारी काजळी त्यात साठते आणि ती जाळून टाकण्यासाठी त्याचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावे लागते. त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सलग, साठच्या पुढच्या वेगाने धावावी लागते. शाळेपर्यंतच्या सात किलोमीटरमध्ये इंजिन जेमतेम गरम होते, जाळण्याचे काम कुठे सुरू झालेच तर आपण शाळेच्या दारात चावी फिरवता आणि ते अर्धवट राहते. काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेले डिझेल काही गाड्यांत ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते.

मागच्या पावसाळ्यात माझ्या ओळखीच्या गॅरेजमध्ये अशीच एक गाडी आली होती. दोन वर्षांत जेमतेम अकरा हजार किलोमीटर चाललेली, आतली आसने नव्यासारखी, मालक घर ते दवाखाना एवढीच ये-जा करणारे डॉक्टर. डॅशबोर्डवर फिल्टरचा पिवळा दिवा कितीतरी दिवस लागलेला होता आणि गाडीचे पिकअप पार गेले होते. मेकॅनिकने ऑइलची पट्टी काढून माझ्यापुढे धरली: ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटे वर चढले होते आणि त्याला डिझेलचा वास येत होता. गाडीत दोष नव्हता, डॉक्टरांनी निष्काळजीपणाही केला नव्हता. त्यांच्या वापराला न शोभणारी गाडी त्यांच्या गळ्यात मारली गेली होती, याचे मला फार वाईट वाटले.

राहिला घाट. डिझेल इंजिन सावकाश फिरत असतानाच भरपूर ओढते, हे शोरूममधले म्हणणे खरे आहे. साध्या, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) नसलेल्या बाराशे सीसी पेट्रोल गाडीत पाच माणसे बसवून कुंभार्ली चढायचा, तर वळणावळणाला दुसरा गिअर टाकावा लागतो. टर्बो पेट्रोल गाडीत ही अडचण बरीचशी उरत नाही. चढावर तिचे ॲव्हरेज चांगलेच खाली येते, पण वर्षातल्या पाच-सहा खेपांसाठी ते सोसावे. टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. घरची माणसे बसवून, एसी लावून, जवळच्या एखाद्या चढावर गाडी न्या आणि अर्ध्या चढावर थांबवून पुन्हा उचलून पाहा. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असल्याने ॲव्हरेज थोडे घटते; वरचा सोळाचा आकडा मी त्यामुळेच हात राखून धरला आहे. या वेळी मुलाचे ऐका.

प्रश्न : मी बियाण्यांच्या कंपनीत विक्री प्रतिनिधी आहे. सांगली, सोलापूर, विजयपूर असा फिरतीचा पट्टा असून वर्षाला तीस हजार किलोमीटर होतात. डिझेल गाड्या आता बंद होणार असे सगळे सांगतात, म्हणून मन धजत नाही.
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपण निःशंकपणे डिझेल घ्यावी. मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बंद केल्या आणि छोट्या गाड्यांत डिझेल आता जवळजवळ उरले नाही, यावरून ही चर्चा सुरू झाली असावी. मोठ्या आणि मध्यम गाड्यांत ते आजही मिळते. वरच्याच हिशेबाने आपली वर्षाची बचत ५८ हजारांच्या पुढे जाते, म्हणजे जादा पैसे तीन वर्षांत वसूल होतात, आणि लांब पल्ल्याच्या धावण्यात फिल्टर आपोआप साफ होत राहतो. दोन गोष्टी पाळा. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल घाला, कारण साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची बसते. आणि गाडीला धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असेल, तर तिचा इशारा आला की लगेच भरा. ती पूर्ण रिकामी झाली तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.

प्रश्न : तीन वर्षे वापरलेली, फक्त चौदा हजार किलोमीटर चाललेली डिझेल गाडी स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का? शिवाय दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात काढावी लागते, हे खरे का?
— एक निवृत्त वाचक, पुणे

उत्तर : दहा वर्षांचा तो नियम दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी होता, राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशातून आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयातून तो आला. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून तिचे नूतनीकरण करता येते.

मला काळजी वाटते ती त्या चौदा हजारांची. पेट्रोल गाडीच्या बाबतीत कमी रनिंग ही जमेची बाजू असते, पण डिझेल गाडी तीन वर्षांत एवढीच चालली असेल, तर ती शहरातल्या छोट्या फेऱ्यांतच अडकलेली असण्याची शक्यता अधिक. व्यवहारापूर्वी सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक लावून फिल्टरमध्ये किती काजळी साठली आहे ते पाहून घ्या आणि यापूर्वी तो तिथे किती वेळा साफ करावा लागला याची नोंद मागा. मालक ही तपासणी करू देत नसेल, तर ती गाडी घेऊ नका.