रंगवलेल्या नंबरावर विसंबू नका

स्मारकावरच्या हेलिकॉप्टरची नोंद करताना शेपटीवरचा नंबर लगेच खरा धरू नका. पुन्हा रंग देताना अंक चुकतात, कधी मुद्दाम दुसऱ्याच यंत्राचा नंबर घालतात. ह्यूई (बेल यूएच-१ हे अमेरिकी हेलिकॉप्टर) हिची तर अख्खी शेपटी ४ बोल्टांवर असते, त्यामुळे ती दुसऱ्याच ह्यूईची निघू शकते. खरी ओळख केबिनमधल्या निर्मात्याच्या पट्टीवर. परवानगी काढून तिचा समोरून फोटो घ्या. पट्टी काढून नेली असेल तर तसं लिहा, अंदाज नको.

एमआय-८ आणि एमआय-१७ या दिसायला सारख्या रशियन हेलिकॉप्टरांत घोटाळा ठरलेलाच. मागचा पंखा उजवीकडे असेल तर एमआय-८, डावीकडे असेल तर बहुधा एमआय-१७. बाजू वैमानिकाच्या बैठकीवरून ठरवायची, समोर उभं राहून नव्हे! फोटोवर तारीख हवीच; पुढच्या रंगकामात जुनी अक्षरं कायमची बुजतात.