85,000 चं पॅकेज घ्यायला लेकीची एफडी मोडू का?

परभणीकडच्या एका भाऊंचा मेसेज आलाय. वय 48, शुगर 10 वर्षांपासून, दोन वर्ष झाले ताठरता येत नाही, जाहिरात बघून एका क्लिनिकला गेले तर 6 महिन्याच्या कोर्सचे 85,000 सांगितले, आता लेकीच्या ॲडमिशनची एफडी मोडू का वहिनींचं सोनं गहाण ठेवू असं विचारतायत.

भाऊ, सध्या दोन्ही नको. खर्चच करू नका असं मी म्हणत नाही, हा आजार आहे, त्याच्यावर पैसे लावणं म्हणजे उधळपट्टी नाही. पण तुमची एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) न बघता, बीपी न मोजता सरळ रेट सांगतात म्हणजे काय? नपुंसकत्वावर इलाज म्हणून जाहिरात करायला तर 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे.

शुगर वाढलेली राहिली की नसा आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, म्हणून डायबेटिसवाल्या पुरुषांत हे लई कॉमन आहे, लाजायचं काहीच नाही. मला काळजी वेगळीच वाटते, कधीकधी हृदयाच्या आजाराची ही पहिली खूण असते, आणि खाजगीत अँजिओप्लास्टी निघाली तर बिल लाखाच्या वर जातं, तेव्हा ही एफडी हाताशी पाहिजे.

म्हणून आधी सरकारी दवाखान्यात नाहीतर संभाजीनगरला घाटीत (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) दाखवा. शुगर, लिपिड (रक्तातली चरबी), किडनी, ईसीजी, सकाळचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) एवढं तपासून घ्या. सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे आले की त्यातले 8-10 हजार याच्यासाठी बाजूला काढा. डॉक्टरनी लिहून दिली तर सिल्डेनाफिल, टाडालाफिलची जेनेरिक गोळी स्वस्तात मिळते, पण छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट चालू असेल तर ही गोळी अजिबात घ्यायची नाही, बीपी एकदम पडून जिवावर बेतू शकतं. ताकदीच्या म्हणून विकतात त्या बिनलेबलच्या पुड्यांतपण हेच औषध न सांगता मिसळलेलं सापडलंय.

गोळीने फरक नाही पडला तर पंप, इंजेक्शन, शेवटी इम्प्लांट असतं, तो खर्च मोठा आहे, पण युरॉलॉजिस्टने तपासून सांगितला तर एफडीचा विचार आपण नक्की करू. आत्ता मोडली तर अर्धा-एक टक्का व्याज कापतील ते कापतील, पण जूनमधे बी-खत आणि फी एकदमच येतात, तेव्हा सावकाराकडं जायची पाळी येईल.

आणि वहिनींना सांगा भाऊ, सोनं त्यांचं आहे आणि हा प्रश्नही दोघांचा आहे. रिपोर्ट आले की कळवा, गोळ्यांचा महिन्याचा खर्च धरून बजेट बसवून देतो.